हडळीला राहू द्या, डाकिणीला सोडवा

कोकणातल्या एखाद्या भुतावरचा चित्रपट गाजला, किंवा मांत्रिकाच्या मारहाणीत कुणी दगावल्याची बातमी आली, की आपल्याकडे एक ठरलेला वाद ठरलेल्या चालीने सुरू होतो. एक बाजू म्हणते, भुताखेतांच्या गोष्टी सांगणंच बंद करा, अंधश्रद्धेचं मूळ तिथे आहे. दुसरी म्हणते, ही आपली परंपरा, पूर्वजांनी काहीतरी विचार करूनच सांगितलं असेल. चार दिवस ‘भूत असतं की नसतं’ यावर घसे कोरडे होतात आणि पाचव्या दिवशी विषय मिटतो. भूत नसतं, हे धरूनच पुढचं सगळं लिहिलं आहे. पण तेवढ्याने काहीच सुटत नाही, कारण मेलेल्या माणसाविषयीची गोष्ट आणि जिवंत माणसाकडे दाखवलेलं बोट या दोन निराळ्या चिजा आहेत आणि वादात दोन्हींची एकच मोट बांधली जाते. हडळ मेलेली असते. डाकीण, म्हणजे करणी करते असा आळ आलेली बाई, जिवंत असते. तिला घर असतं, पुष्कळदा थोडं शेतही असतं. पहिलीची गोष्ट जपणं आणि दुसरीला वाचवणं ही दोन्ही कामं एकाच वेळी करता येतात. किंबहुना पहिलीची गोष्ट नीट वाचली, तर दुसरीला वाचवणं सोपं जातं.

परंपरेच्या वकिलांचं आधी उरकून घेऊ. त्यांचा आवडता दाखला पिंपळाचा. पिंपळ रात्री कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणून पूर्वजांनी तिथे मुंजा बसवला आणि लोकांना झाडाखाली झोपण्यापासून वाचवलं, असं सांगतात. रात्री श्वसन सगळीच झाडं करतात, आणि उघड्यावर तो वायू वाऱ्याबरोबर पांगतो. एका झाडाखाली कुणी गुदमरत नाही. गंमत अशी की ‘पिंपळ रात्रीसुद्धा ऑक्सिजन देतो’ हा निरोपही तीच मंडळी तितक्याच श्रद्धेने पुढे ढकलतात. प्रकाशाशिवाय ऑक्सिजन तयार होत नाही, हे सातवीच्या पुस्तकात असतं. भुताला विज्ञानाचा अंगरखा चढवला की भूतही हास्यास्पद होतं आणि विज्ञानही. मुंजाचा अर्थ पिंपळाच्या पानांत नाही, मुंजीत आहे: मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला, तो मुंजा. ना बालपणात, ना संसारात, मध्येच अडकलेला.

ही अडकलेपणाची कल्पना धरून कोकणातल्या भुतांची यादी पाहावी. आर. ई. एन्थोवेन या ब्रिटिश सनदी अधिकाऱ्याने १९१५ साली कोकणातल्या लोकसमजुतींची टिपणं प्रसिद्ध केली. मूळ सामग्री जमवली होती ती १९०९ साली नाशकात कान्हेऱ्यांच्या गोळीला बळी पडलेल्या कलेक्टर जॅक्सनने, आणि ती बरीचशी आली होती शाळामास्तरांनी लिहून पाठवलेल्या उत्तरांतून. गावागणिक व्याख्या बदलतात, तरी सांगाडा तोच राहतो. नवरा मागे ठेवून गेलेली बाई जखीण, विधवा मेली तर लावसट, बाळंतपणानंतर दहा दिवसांच्या आत किंवा विटाळात गेली तर हडळ. वासना राहिलेला किंवा निपुत्रिक ब्राह्मण समंध होतो, पाण्यात बुडालेला गिऱ्हा. ही राक्षसांची यादी वाटते का? जनगणनेचा तक्ता वाटतो: लिंग, वैवाहिक स्थिती, जात, मृत्यूचं कारण. कुणाचं काय देणं राहून गेलं, याची ती वही आहे.

त्या वहीत शेजारच्याचंही नाव आहे. खवीस हे बहुधा मुसलमानाचं भूत सांगतात, आणि शब्द आला अरबी ‘खबीस’वरून: दुष्ट, अमंगळ. शौचाला जाताना मुसलमान जी छोटी दुआ म्हणतात, तिच्यात ‘खुबुस’ आणि ‘खबाइस’, म्हणजे नर आणि मादी सैतानांपासून, अल्लाहचा आसरा मागितलेला असतो. धातू एकच. एक शब्द अरबस्तानातल्या शौचकूपापासून निघून कोकणातल्या माडाखाली येऊन उभा राहिला. बंगालात हेच काम मामदो भूत करतं, तेही मुसलमानाचं. म्हणजे जिवंतपणी वेगळ्या आळीत राहणारा शेजारी मेल्यावरही वेगळ्या रकान्यात. यात सौहार्द शोधणारेही आहेत आणि द्वेष शोधणारेही. दोन्ही सापडतं.

इथेच विरोधकांचा पहिला भक्कम मुद्दा येतो. ही यादी बाईच्या, खालच्या मानलेल्या जातींच्या, परधर्मीयांच्या विरोधात आहे. बाळंतपणात मेलेल्या अभागी बाईला राक्षसीण करणारी गोष्ट जपायची कशाला? मुद्दा खरा आहे, तो पातळ करण्यात अर्थ नाही. हडळ समोरून भरलेली आणि पाठीमागून सांगाडा. उत्तरेतल्या चुडैलीची पावलं उलटी. पण गोष्ट तिथे थांबत नाही. चुडैल कुणावर सूड उगवते? उत्तर भारतातल्या कितीतरी कथांत, जिथे तिची हेळसांड झाली त्याच घरातल्या पुरुषांवर, सर्वांत धाकट्यापासून सुरुवात करून. तिला परतू न देण्यासाठी मसणवट्यापासून घरापर्यंतच्या वाटेवर मोहरी विखरत; दाणे वेचता वेचता तिला पहाट व्हावी म्हणून. ज्या घराने हे केलं त्याला ठाऊक होतं की ती परत येण्यासारखं काहीतरी घडलं आहे. निष्पाप माणसं मेलेल्या सुनेच्या वाटेवर मोहरी कशाला टाकतील? ही गोष्ट पुसली, तर जपणूक झाली कुणाची? अपराध्याची.

आता त्या दहा दिवसांकडे बघा. बाळंतिणीच्या खोलीत पेटती शेगडी, उशाशी कोयता, पाचवी-सहावीची जागरणं, सटवाई. अरबी-इस्लामी जगात मुलं नेणारी ‘उम्म अस-सिब्यान’, इराण-अफगाणिस्तानात बाळंतिणीचं काळीज पळवणारी ‘आल’. इतक्या दूरदूरच्या लोकांनी नेमके तेच दिवस का धास्तावलेले ठेवले? नवजात बाळाचा धनुर्वात जन्मानंतर साधारण ३ ते १४ दिवसांत उद्भवतो. अस्वच्छ पात्याने नाळ कापली, वर शेण किंवा राख लावली, की जंतू आत जातात. बाळ आधी दूध ओढायचं थांबवतं, मग जबडा आवळतो, अंग धनुष्यासारखं ताठतं. बघणाऱ्याला ते कुणीतरी पिळतंय असंच दिसणार. कोयता उशाशी ठेवून उपयोग झाला नाही. नाळ कापणारं पातं उकळल्यावर आणि आईला धनुर्वाताची लस टोचल्यावर झाला. २०१५ साली भारतात माता आणि नवजात धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. त्याचा निकष असा की प्रत्येक जिल्ह्यात दर १,००० जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण. त्यासाठी सटवाईची एकही गोष्ट बंद करावी लागली नाही. आणि हो, म्हणून ‘पूर्वजांना धनुर्वात ठाऊक होता’ असंही म्हणू नये. त्यांना दिवस ठाऊक होता, कारण ठाऊक नव्हतं.

बाईच्या बाजूनेही हेच. प्रसूतीनंतरची तीव्र मनोविकृती हजारात एक-दोन जणींना होते आणि बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू होते. झोप उडते, बोलणं विसंगत होतं, दुसऱ्याच्या आवाजात बोलल्यासारखं वाटतं, बाळाविषयी भलत्या शंका येतात, कधी बाळाच्या जिवाला धोका होतो. घरच्यांच्या तोंडी एकच वाक्य येतं: हडळ लागली. निदान चुकलेलं आहे, पण निरीक्षण बिनचूक आहे. आशा सेविकेच्या गृहभेटी दवाखान्यातल्या प्रसूतीनंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ठरलेल्या असतात. तिसऱ्या दिवशी उंबऱ्यात बसून तिने ‘नैराश्याची लक्षणं आहेत का’ असं विचारलं तर सासू मान हलवून ‘नाही’ म्हणेल. ‘काही लागीर झाल्यासारखं करते का? रात्री झोपते का?’ असं विचारलं तर खरं उत्तर मिळेल, आणि त्याच दिवशी गाडी बोलावता येईल. ज्या शब्दाने आजार ओळखला जातो तोच शब्द शब्दकोशातून हद्दपार करून आपण काय मिळवणार?

विरोधकांचा दुसरा मुद्दा पहिल्याहून वजनदार आहे आणि तो मांडणारा एक फार जुना माणूस इराकातल्या बसऱ्याचा. नवव्या शतकातल्या अल-जाहिज या अरबी लेखकाने प्राण्यांवरच्या आपल्या मोठ्या ग्रंथात अन-नज्जाम या आपल्या गुरूचं मत नोंदवलं आहे. त्याचा आशय असा: ओसाड मुलखात माणूस फार काळ एकटा राहिला की त्याला लहान गोष्ट मोठी दिसते, जे नाही ते ऐकू येतं. मग तो त्यावर कविता रचतो, किस्से सांगतो. मुलं ते ऐकत वाढतात. पुढे तोच मुलगा काळोख्या रात्री वाळवंटात सापडला आणि घुबड ओरडलं, की त्याला घूल, म्हणजे अरबी गोष्टींतलं रूप पालटणारं भूत, दिसायला लागतो. म्हणजे गोष्टच भीतीचं बी पेरते. हजार वर्षांहून आधी, एका मुसलमान विचारवंताने जिन्न-घूलांच्या अनुभवाची केलेली ही चिकित्सा. विवेकवाद इंग्रजी शाळेतून आला असं समजणाऱ्या दोन्ही बाजूंनी ती वाचावी.

पण नज्जामचा क्रम नीट बघा. आधी एकटेपण आणि काळोख, मग भास, मग कविता. भीती गोष्टीच्या आधी येते. गोष्ट तिला आकार देते. आकार नसलेल्या भीतीचं काय होतं, हे आपण दोनदा पाहिलं. मे २००१ मध्ये दिल्लीत ‘मंकी मॅन’ची अफवा उठली. उन्हाळा, वीज गेलेली, लोक गच्चीवर झोपलेले. कुणी म्हणे तो माकड, कुणी म्हणे डोक्यावर हेल्मेट, हाताला लोखंडी नखं. कुठल्याही आजीने ही गोष्ट कधी सांगितली नव्हती. घाबरून गच्चीवरून पडून माणसं मेली. २०१७ मध्ये हरियाणा, राजस्थान, दिल्ली, उत्तर प्रदेशात बायकांच्या वेण्या कापल्या जात असल्याची घबराट पसरली आणि आग्र्याकडे एका वृद्ध दलित बाईला जमावाने वेणी कापणारी समजून ठार मारलं. या भुतांना ना ठरलेलं रूप होतं, ना नियम. उलट बंगालातली निशी घ्या. ती रात्री ओळखीच्या आवाजात नावाने हाक मारते, पण दोनदाच. म्हणून तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. केरळची यक्षी चुना मागते. देऊ नये, संपलं. अरबी घूल कुठलंही रूप घेतो, पाय मात्र गाढवाचेच राहतात. पारंपरिक भुताला हद्द, वेळ, खूण आणि उतारा असतो. त्याचा उतारा लिंबू-नारळाचा असतो, माणसाच्या जिवाचा नसतो. झोपेत छातीवर काही बसल्यासारखं होऊन हातपाय हलत नाहीत, त्याला बंगालीत ‘बोबाने धरलं’ म्हणतात. बोबा म्हणजे मुका. स्वप्नाच्या झोपेत मेंदू स्नायू सैल करून ठेवतो आणि जाग आधी आली की काही सेकंद ते एक-दोन मिनिटं असं होतं. ‘बोबा होता, गेला’ म्हणून माणूस कूस बदलतो. नाव नसतं तर तो रात्रभर बसून राहिला असता.

तरीही एरवाडी विसरता येत नाही. तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यातल्या या गावात दर्ग्याच्या आसपास मनोरुग्णांना ठेवून घेणारी खासगी घरं होती. बाधा उतरेपर्यंत माणसाला साखळीने बांधून ठेवायचं, अशी रीत. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे अशा एका घराला आग लागली आणि २८ जण मेले. साखळ्यांमुळे पळता आलं नाही. हे कुठल्या जिन्नाने केलं? कुलपाने केलं. आपल्याकडे मिरचीची धुरी देतात. मिरचीतला दाहक अंश श्वासनलिका आवळतो. दमेकऱ्याला ती फास ठरते. फेफऱ्याला चप्पल हुंगवतात आणि देवऋषी येईपर्यंत थांबतात, जेव्हा झटका पाच मिनिटांपलीकडे गेला की प्रत्येक मिनिटाला मेंदूचं नुकसान वाढायचा धोका असतो. हिंसा होते ती या पायरीवर: गोष्ट सांगणारा उठून जातो आणि उपचार करणारा बसतो, त्या क्षणी.

श्रद्धावंतांचा म्हणून एक आक्षेप आहे, तोही ऐकायला हवा. मुसलमान म्हणतो, भुतं लोकांनी रचली असतील, जिन्न कुराणात आहेत. ७२ वी सुरा त्यांच्याच नावाची आहे, ५५ व्या सुरेत ते धूर नसलेल्या ज्वालेपासून घडवल्याचं सांगितलं आहे. ‘जिन्न मानू नका’ म्हणजे ग्रंथ मानू नका. ठीक; ते म्हणायची गरजच नाही. कारण त्याच ग्रंथात ३४ व्या सुरेत सुलेमानची हकीगत आहे. जिन्न त्याच्यासाठी राबत होते. तो काठीला टेकल्या टेकल्या मेला, आणि वाळवीने काठी पोखरून तो कोसळेपर्यंत त्यांना पत्ता लागला नाही. गैब, म्हणजे डोळ्यांआडचं, ठाऊक असतं तर ते त्या कष्टात अडकून राहिलेच नसते, असं आयत म्हणते. मग ‘माझा जिन्न तुमचं भविष्य सांगतो’ म्हणणाऱ्या आमिलाला, म्हणजे मुसलमान मांत्रिकाला, ही आयत कुणी दाखवत का नाही? १४ व्या सुरेत खुद्द सैतान कबूल करतो की माझा तुमच्यावर काही जोर नव्हता, मी फक्त हाक मारली. भविष्य सांगणाऱ्याकडे जाऊन विचारणाऱ्याची चाळीस रात्रींची नमाज कबूल होत नाही, असं सहीह मुस्लिममधल्या हदीसमध्ये आहे, आणि तिथेच ‘घूल नाही’ असंही म्हटलेलं सापडतं. इकडे चरकसंहितेच्या निदानस्थानात उन्मादाचा विचार करताना स्पष्ट म्हटलं आहे की देव, गंधर्व, पिशाच, राक्षस यांपैकी कुणीही स्वतःहून न बिघडलेल्या माणसाला त्रास देत नाही. दोष आपल्या कर्मात शोधावा, देव-पिशाचांना लावू नये. भूतविद्या हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक, तरीही. दोन्ही परंपरांनी आपापल्या भुतांचे हात आतूनच बांधून ठेवले होते. गाठी सोडल्या त्या धंदेवाइकांनी.

कायदा वाचलेला नसताना कायद्यावर भांडणं, हा आपला जुना छंद. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा डॉ. दाभोलकरांच्या २० ऑगस्ट २०१३ च्या खुनानंतर आधी वटहुकूम म्हणून आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा म्हणून आला. त्यात कुठे ‘भूत मानू नये’ असं लिहिलेलं नाही. अनुसूचीतलं पहिलंच कलम भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीने-साखळीने बांधणं, चाबकाने मारणं, चपला भिजवलेलं पाणी पाजणं, मिरचीची धुरी देणं, छताला टांगणं, केस उपटणं, चटके देणं, तोंडात विष्ठा कोंबणं यांची जंत्री देतं. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं, दंड ५,००० ते ५०,००० रुपये. कीर्तन, प्रवचन, हरिपाठ, प्रदक्षिणा, जुन्या विद्या आणि कला शिकवणं, हे सगळं कलम १२ ने स्वच्छ बाहेर ठेवलं आहे. कायद्याने रेषा आखली ती माणसाच्या अंगाला हात लागतो, त्याची फसवणूक किंवा छळ होतो तिथे. ना तो हिंदूंविरुद्ध आहे, ना गोष्टींविरुद्ध. साखळीला धर्म नसतो.

आणि गोष्ट व उपचार यांची फारकत प्रत्यक्षात जमते, याचा दाखला गुजरातेत आहे. मेहसाणा जिल्ह्यात उनावा इथे मीरा दातारचा दर्गा आहे. बाधा झालेल्यांना घेऊन माणसं लांबून येतात, त्यात हिंदूही पुष्कळ. तिथे ‘दवा आणि दुआ’ नावाने दर्ग्यातच मनोविकारतज्ज्ञाचा दवाखाना सुरू केला गेला. मुजावरांना लक्षणं ओळखायला शिकवलं, आणि दुआ झाली की ‘आता तिकडेही जाऊन ये’ म्हणायला. रुग्णाला दर्गा सोड म्हटलं नाही, मुजावराला खोटारडा ठरवलं नाही. व्यासपीठावरून ‘भूत नसतं’ ओरडणाऱ्याच्या सभेला तो मुजावर कधी आला असता का?

लोकपरंपरेलाही भुताला माणसाळवायची कला येते. वेंगुर्ल्याजवळ आरवलीचा वेतोबा, म्हणजे भुतांचा राजा वेताळच. त्याला केळीचा घड आणि चामड्याच्या चपला वाहतात. चपला हातभर लांबीच्या, कोल्हापुरी धाटणीच्या. रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून तळ झिजतात, असं सांगतात. ज्याची भीती वाटायची त्यालाच रखवालदार नेमून, त्याच्या पायातलं वहाणही गावाने पुरवलं. एकनाथांनी भारुडात झपाटण्याचीच भाषा वापरून विठ्ठलाला भूत केलं. ही भुताची भीती घालवण्याची देशी तऱ्हा. यात कुणाचे केस उपटावे लागले नाहीत.

डाकिणीचं तसं होत नाही. नंदुरबारच्या सातपुड्यात, झारखंडात, छत्तीसगडात, आसामात तिला पायांच्या खुणेने ओळखत नाहीत. भगत नाव घेतो आणि ते नाव गावातल्या कुणाचं तरी असतं. बिहारने १९९९ साली, झारखंडने २००१ साली, छत्तीसगडने २००५ साली यावर वेगळे कायदे केले, आणि महाराष्ट्राच्या अनुसूचीतही कुणाला करणी करणारी किंवा सैतान ठरवून तिचं जगणं अवघड करणं हा गुन्हा आहे. पण गुन्हा नोंदवताना ‘अंधश्रद्धेतून प्रकार’ एवढं लिहून वही मिटली, तर अर्धा तपास तिथेच बुडतो. आरोप झालेल्यांत एकट्या राहणाऱ्या, विधवा, म्हाताऱ्या बायका पुन्हा पुन्हा का दिसतात? महाराष्ट्राच्या कायद्याखाली पोलीस निरीक्षक दर्जाचा दक्षता अधिकारी नेमायची तरतूद आहे. त्याने भगताचा जबाब घ्यायच्या आधी तलाठ्याकडून त्या बाईचा सातबारा मागवावा, आणि ती गाव सोडून गेली तर जमीन कोण कसणार आहे, त्याचं नाव पंचनाम्याच्या पहिल्या पानावर लिहावं.